दुसरी टाळी

शंतनुला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती, आणि पोटापाण्यासाठी मात्र तो ऐकण्याचंच काम करत होता. मारतहळ्ळीच्या एका कंपनीत तो बाहेरचा गोंगाट कापणारे हेडफोन बनवायचा. येणाऱ्या लाटेवर नेमकी तिच्या उलटी लाट सोडली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि कानात शांतता उरते, हे त्याने दिव्यश्रीला इतक्यांदा समजावलं होतं की तिने ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं. तिने काही सांगायला घेतलं की मात्र हा दीडशहाणा तेच हेडफोन कानांवर चढवून बसायचा.

त्या शनिवारी दुपारी दोघं देवनहळ्ळीच्या पुढे, तिच्या मामांच्या गोदामावर निघाले. कृष्णमूर्तीमामांना त्या गोदामाचं मंगल कार्यालय करायचं होतं. लांबच लांब इमारत, एके काळी तिथे रेशमाचे कोष साठवायचे. पण आत बोललेलं फार घुमायचं, म्हणून भिंतींना काय लावावं ते जावयाने येऊन सांगावं, एवढंच काम. दिव्यश्रीच्या माहेरची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेली. त्यांची कन्नडमिश्रित मराठी ऐकली की पुण्याच्या शंतनुच्या अंगावर काटा यायचा. गाडीत त्याने मामांची नक्कलही करून दाखवली. ती हसली नाही.

मामा गोदामाच्या दाराशीच उभे होते. त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं, पण आत पाऊल टाकण्याआधी उंबऱ्यावरून एक टाळी वाजवली. क्षणभराने पार पलीकडच्या टोकाकडून तिचा प्रतिध्वनी आला. मग चपला काढून ते आत गेले.

"हे काय नवीन?" शंतनुने विचारलं.

"आमची पद्धत आहे, जावईबापू. आपण आलोय म्हणून कळवायचं. तिकडून उत्तर आलं की सरी, ठीक आहे, आत यायचं. दुसरी टाळी मात्र वाजवायची नाही."

"वाजवली तर?"

मामा ओशाळले. "पहिली म्हणजे कळवणं. दुसरी म्हणजे बोलावणं होतं..."

शंतनुने दिव्यश्रीकडे असं पाहिलं, जणू हा सगळा तिचाच दोष होता. "मामा, तिकडे भिंत आहे. तुमचा आवाज जाऊन तिच्यावर आपटतो आणि परत येतो. आठवीच्या पोरांना येतं हे. तुम्ही भिंतीची परवानगी घेताय."

"असेल तसं," मामा म्हणाले. "पण माझ्यासमोर नको. मी घरी जाऊन कॉफीचं सांगतो, तोवर तुमचं काम करा." आणि ते खरोखरच निघून गेले, जरा घाईनेच.

"नको वाजवू," दिव्यश्री म्हणाली. तिचा त्या गोष्टीवर विश्वास होता का, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण लहानपणी इथे खेळताना कुणी दुसऱ्यांदा टाळी वाजवल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि पोरं तर सांगितलेलं कधीच ऐकत नाहीत.

"तुमच्या घराण्याचं भूत आज मोजूनच जाऊ," शंतनु म्हणाला आणि फोन काढून त्याने दाराजवळच्या कट्ट्यावर ठेवला. पडद्यावर एक सरळ रेघ सरकत होती. त्याने टाळी वाजवली. रेघेवर एक उंच सुळका उठला, आणि जरा अंतर सोडून दुसरा, बुटका. "हा मी. ही तुमची भिंत. कळलं?"

आत कोषांचा जुना, शिळा वास कोंडलेला होता. समोरच्या टोकाला, उंचावर, एक झरोका होता आणि त्यात एक कबूतर बसलं होतं. शंतनुने पुन्हा टाळी वाजवली. या वेळी दोन सुळक्यांमधलं अंतर कमी भरलं.

"ऊन तापलंय," तो म्हणाला. "गरम हवेत आवाज जोरात धावतो."

इतका नाही धावत, हे दिव्यश्रीला ठाऊक होतं, कारण त्यानेच तिला ते शिकवलं होतं. त्याने आणखी एक टाळी मारली. अंतर निम्म्यावर आलं होतं, आणि बुटका सुळका आता तितकासा बुटका राहिला नव्हता.

"शंतनु, अंतर कमी होतंय म्हणजे काय?"

"म्हणजे आवाज ज्याच्यावर आपटून येतोय ते जवळ आलंय," तो मठ्ठ विद्यार्थ्याला सांगावं तसं म्हणाला. मग आपणच काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं.

समोर काहीही नव्हतं. शहाबादी फरशी, दोन्ही बाजूंच्या भिंती, झरोक्यातलं कबूतर, सगळं स्वच्छ दिसत होतं. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण बायकोच्या माहेरच्यांपुढे हरायचं म्हणजे याला मरण. त्याने चिडून टाळी वाजवली... आणि प्रतिध्वनी आलाच नाही.

"गेला," दिव्यश्री कुजबुजली.

"गेला नाही. भिंत फार जवळ असली की कानाला दोन आवाज वेगळे कळत नाहीत." त्याचा आवाज उतरला होता. "काच असेल. काचेतून उजेड आरपार जातो, आवाज परत फिरतो. कुणीतरी इथे काच..." त्याने हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही.

दिव्यश्रीने त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत बाहेर आणलं. भोवती नुसती प्लॉट पाडलेली मोकळी जमीन, हद्दीचे दगड आणि लांबवर विमानतळाकडे जाणारा रस्ता. तिच्या जिवात जीव आला. शंतनुनेही मान झटकली. "इथे आवाज परतायला काहीच नाही," तो म्हणाला आणि त्या माळावर त्याने टाळी वाजवली.

तिला ती फार हलकी ऐकू आली, शेजारच्या घरात वाजल्यासारखी. शंतनुचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"मला न्हाणीघरात वाजवल्यासारखी..." तो म्हणाला, आणि पुढचे शब्द तिला ऐकूच आले नाहीत. ओठ हलत होते. हात हलत होते.

तिला आधी वाटलं, हा पुन्हा नक्कल करतोय. "पुरे झालं नाटक," ती म्हणाली आणि गाडीत बसून तिने ती सुरू केली. तोही शेजारी येऊन बसला. दार त्याने आपटलं, त्याचा आवाज झाला नाही. त्याने डॅशबोर्डवर मूठ मारली. वरचा गणपती हलला, पण आवाज झाला नाही. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. तो जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि गाडीत एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला बरं वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि पहिल्यांदाच तो बोलत होता आणि तिला ऐकावं लागत नव्हतं. दुसऱ्या क्षणी तिला स्वतःची शरम वाटली, कारण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कसा का असेना, तो तिचा माणूस होता आणि तो तिला परत हवा होता.

"थांब, मी ऐकते," ती म्हणाली. ती त्याच्याकडे झुकली आणि तिने आपला कान त्याच्या ओठांना अगदी टेकवला.

तिथे आवाज होता. भरपूर आवाज होता, रांजणात तोंड घालून बोलावं तसा घुमणारा. "दिव्या, मला सोडून जाऊ नकोस... दिव्या, ऐकू येतंय का?" शंतनु रडत म्हणत होता.

"येतंय. मी आहे," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज तसाच घुमला.

शंतनु बोलायचा थांबला. मग त्याच्या पलीकडून, तितक्याच जवळून, दुसरं कुणीतरी बोललं. बसमध्ये एखाद्याने बोलावं तशा अदबीने.

"स्वल्प सरका, सर. बाईंना आत येऊ द्या."

आणि शंतनु सीटवर थोडासा सरकला.