ठेंगणं दार

साहेब, ते दार उंच करायला तुम्हाला सांगितलं कोणी? आणि देऊळ 'जसंच्या तसं' हलवलं, असं पाटीवर कोरताना तुमचा हात कसा अडखळला नाही?

धरणाचं पाणी आलं, गाव बुडालं. देऊळ तेवढं तुम्ही दगड दगड सुटं करून टेकडीवर आणून पुन्हा उभं केलंत. मान्य. पण मूळचं दार छातीएवढं होतं. वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. प्रवाशांची डोकी आपटतील म्हणून तुम्ही चौकट वर उचललीत. गाभाऱ्याच्या डाव्या अंगाची छोटी खोली तुमच्या माणसांना नको होती, तिथे सरळ भिंत घातलीत. त्या भिंतीपाशी काय झालं ते आता ऐका.

जुन्या देवळांच्या गावांतून सहली नेणारी एक बाई आहे. प्रवासी तिला ताई म्हणतात. कुठल्या खांबावरचा हत्ती हसतो आणि कुठल्या पायरीवर माणसं घसरतात, दोन्ही तिला तोंडपाठ. या खेपेला बसमध्ये पहिल्या सीटवर तिची आई होती.

आईचा जन्म त्या बुडालेल्या गावातला. हलवलेल्या देवळात पाऊल टाकणार नाही, असा तिचा हट्ट होता. "मेलेल्याला नवे कपडे घालून खुर्चीत बसवलंय, त्यात काय बघायचं?" म्हणायची. पण काचबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्यात कवडसाभर उजेड उरला. तोही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आपणहून म्हणाली, "ने बाई. दिसतंय तोवर बघून घेते."

ताईला एवढंच हवं होतं. तो कवडसा विझायच्या आत आईला तिचं देऊळ दाखवायचं.

वाटेत आईचं तोंड चालूच होतं. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक ताडमाड उंच काका बसले होते.

"तुझं हे गिऱ्हाईक खिडकी अडवून बसलंय गं," आई ताईला म्हणाली.

"काकू, तुम्हाला नाहीतरी कुठे दिसतंय?" काका म्हणाले.

"दिसत नसेल, पण वारा तर लागतो ना!"

अख्खी बस हसली. काकांनी मुकाट्याने जागा बदलली.

टेकडीवर पोचले तेव्हा लख्ख दुपार होती. चकचकीत फरशी, ट्यूबलाइट, गाभाऱ्यापुढे दोरी. धुराने दगड काळे पडतात म्हणून दिव्याला बंदी. आईने पायांचे तळवे फरशीवर टेकवून पाहिले आणि नाक मुरडलं. "पायांना ओळखच पटत नाही."

दारापाशी तिने ताईचा हात सोडला. डावा हात वर नेला, हवेतच काहीतरी चाचपलं आणि कमरेतून वाकून आत गेली.

किती वर्षं झाली, पण आईचं अंग ते दार विसरलं नव्हतं.

मग मागून काका आले. तेही वाकले. त्यांच्या मागच्या दोघी वाकल्या. हसत-बोलत येणारी सगळीच माणसं तेवढ्या जागेपुरती वाकली आणि पुढे ताठ झाली.

"काका, वाकलात का?"

"वाकलो? छे!" त्यांनी मागे वळून पाहिलं. चौकट डोक्याच्या वर हातभर होती. "डोकं लागलं असतं ना," ते म्हणाले आणि कपाळ चोळत पुढे गेले.

आत तेलाच्या दिव्याचा वास होता. ताईने दाराबाहेरच्या पहारेकऱ्याला विचारलं.

"इथे काडी ओढायलाही बंदी आहे, ताई," तो उन्हात उभा राहूनच म्हणाला.

"मग आत येऊन बघा की."

"दुपारचा मी आत येत नाही. ऊन बरं."

आई भिंतीला हात लावत डावीकडे निघाली होती. "उंबरा आहे इथे, जपून," मागे न बघता म्हणाली. ताईच्या पायाची बोटं दगडावर आपटली. तिने खाली पाहिलं. सपाट फरशी. अंगठ्याच्या नखातून रक्त येत होतं.

ती छोटी खोली ताईच्या आजीची होती, साहेब. देवळाची झाडलोट करून आजी तिथे बसायची. पाणी आलं त्या दिवशी दिवा विझू नये म्हणून मागे वळली. आई तेव्हा परकरातली पोर. तिला ट्रकमध्ये चढवताना तुमच्या माणसाने सांगितलं, "तुझी आई मागच्या गाडीत आहे." मागच्या गाडीतून नुसती भांडी उतरली. आणि तुम्ही जाहीर केलंत, गावात कोणीही मागे राहिलं नाही.

"ताई, आमचा एक फोटो!" कोणीतरी हाक मारली. ताईने फोटो काढला, वळली.

आई नव्हती.

बाहेर जायला दार एकच. त्याच्या बाहेर पहारेकरी उभा.

ताईने भिंतीला तळवे लावले. दगड कोमट होता.

आतून आवाज आला. आईचाच, पण लहान, लाडिक. "दुखतंय ना गं. हळू."

आणि कोणीतरी हसलं.

"आई!" ताईने भिंतीवर मुठी आपटल्या.

"ओरडतेस काय? माणसं बघतायत," आई तिच्या बाजूलाच उभी होती.

"कुठे होतीस?"

"इथेच की."

"दिसलं का देऊळ?"

"सगळं दिसलं, बाई." असा चेहरा ताईने कधी पाहिला नव्हता. तिने आईचा हात घट्ट धरला.

परतीच्या बसमध्ये आई लेकीच्या खांद्यावर झोपली. पदर घसरला. सकाळी ताईनेच तिच्या विरळ पांढऱ्या केसांचा अंबाडा घातला होता. तो सुटला होता. उजव्या बाजूला एक घट्ट वेणी, शेंड्याला गाठ. केस तेलाने निथळत होते आणि तेल अजून ऊन होतं. डावीकडचे केस मोकळेच.

"एकच झाली," आई झोपेत पुटपुटली. "दुसरी घालायला ये म्हणाली."

ती वेणी आई कोणाला सोडू देत नाही. रोज सकाळी विचारते, "कधी नेतेस?" लेक आज-उद्या करते.

गाव रिकामं केलं म्हणालात ना, साहेब? मग ही वेणी घातली कोणी? आणि लेकीने आईला परत न्यावं की नेऊ नये? बोला.