दुर्गेश्वरीचा पासवर्ड

"चोर घरातलाच आहे, मॅडम. तुम्ही फक्त कबूल करवून घ्या," इंद्रकुमार सेठ म्हणाले.

दवनीवाड्याच्या त्यांच्या राइस मिलमध्ये वजनाचं सॉफ्टवेअर सकाळपासून उघडत नव्हतं. पासवर्ड चुकीचा, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगे. बाहेर धानाचे ट्रॅक्टर खोळंबले होते. पासवर्ड ठाऊक फक्त सेठना आणि ऑपरेटर दुर्गेश्वरीला. मग काय, तिनंच तो बदलला, असं सेठ सगळ्या हमालांसमोर ओरडून मोकळे झाले होते. संध्याकाळी पोलीस येणार होते.

गोंदियाच्या खाजगी तपासनीस हर्षा टेंभरे ऐकत होत्या. त्यांचा मदतनीस श्यामलाल मान डोलवत होता. काही कळलं नाही की तो जास्तच डोलवतो.

"तुमच्या मोबाइलवर उघडतं?" हर्षाबाईंनी विचारलं.

"तेच तर! तोच पासवर्ड, आणि मोबाइलवर फटकन उघडतं."

"मग बदलला काय?" श्यामलाल म्हणाला.

दुर्गेश्वरीचे डोळे सुजले होते.

"मी कायले बदलवू जी? काल तं मी सुट्टीवर होती, कामठ्याले गेली होती. सारे चोर म्हणून राहिले मले. आता कोण काम देईन?"

"पासवर्ड ठरवला कोणी?"

"सेठनंच. पहिले मिलचं नाव, मंग भाव लिहाचं ते @ चिन्ह, मंग साल."

कंप्युटर दुरुस्त करणारा गुड्डू कोपऱ्यातच उभा होता. "व्हायरस-बियरस काही नाही, मॅडम. की-बोर्डही एकदम बढिया. पूरा फॉर्मेट मारून देऊ का?"

"खबरदार, हात लावलास तर!" हर्षाबाईंनी दटावलं.

शेवटी सेठच्या वहिनी, प्रेमिलाबाई. इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. मिलची पत्रं त्याच लिहीत. "काल मी दारावरची नोटीस छापली, बस. हे यंत्र माझ्या बरोबर शब्दांखाली लाल रेघा मारायचं! जन्मभर इंग्रजी शिकवलं मी. काल त्याला जरा वळण लावलं. आता गप्प आहे."

श्यामलाल ती नोटीस वाचून आला. "ई-मेलच्या पत्त्यात मधेच दोन टिकल्या आल्यात. प्रिंटर बिघडला वाटतं."

हर्षाबाई उठल्याच. "सगळे इकडे या. दुर्गेश्वरी, नाव लिहायच्या रकान्यात पासवर्ड टाइप कर. तिथं अक्षरं दिसतात."

तिनं @ चं बटण दाबलं. पडद्यावर अवतरणचिन्ह उमटलं.

"अगा माय!"

"पासवर्ड बदललाच नाही, म्हणून तो मोबाइलवर चालतो," हर्षाबाई म्हणाल्या. "बदलली ती या कंप्युटरची इंग्रजी. त्याच्याकडे देशागणिक वेगळी इंग्रजी असते, आणि तिच्यासोबत की-बोर्डची मांडणीही बदलते. प्रेमिलाबाई, काल तुम्ही कुठली निवडली?"

"इंग्लंडची. दुसरी कुठली? शाळेत तीच तर शिकवतो आपण."

"म्हणूनच फसलात. आपले की-बोर्ड अमेरिकेच्या मांडणीचे असतात. इंग्लंडच्या मांडणीत त्या बटणावर अवतरणचिन्ह येतं. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, म्हणून कोणाला कळलं नाही. नोटिशीवर मात्र ते छापलं गेलं."

"म्हणजे चोर इंग्लंडचा?" श्यामलालनं विचारलं.

"अरे, चोर कोणीच नाही!"

हर्षाबाईंनी यादीतून भारताची इंग्रजी निवडली. सॉफ्टवेअर उघडलं. सेठ हसले. "चला, झालं गेलं सोडा. बस पोरी कामावर."

दुर्गेश्वरी बसली नाही. "सकाळी चोर म्हटलं ते बाहेर म्हटलं, सेठ. आता आत काऊन सांगता?"

सेठचं हसू मावळलं. प्रेमिलाबाईंचा चेहरा उतरला होता, पण आधी त्याच उठल्या. "चला भाऊजी. चूक माझी, जीभ तुमची. दोघंही जाऊ."

आवारात सेठनी हात जोडले आणि शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की पोरगी निर्दोष आहे, मीच मूर्ख.

दुर्गेश्वरी उंबऱ्यावर उभी राहून ढसाढसा रडली. मग ओढणीनं तोंड पुसून खुर्चीवर बसली.

"पहिला ट्रॅक्टर कोणाचा आहे?" तिनं विचारलं.