दोन खुर्च्यांमधलं स्टूल

खोकी बनवणाऱ्या यंत्राखालून एक हात बाहेर आला आणि पाना मागू लागला… परक्या भाषेत.

सकाळपासून त्या हातावर लोकांनी हातोडी, चहाचा कप आणि एकदा तर चक्क केळं ठेवलं होतं. नेहमीचा दुभाष्या तापाने झोपला, म्हणून अर्ध्या दिवसापुरती ती आली होती. तिने पाना ठेवला. हात थबकला. मग परदेशी इंजिनियरचा तेलाने माखलेला चेहरा बाहेर सरकला, आणि त्यातले दात तेवढे हसले.

तो अर्धा दिवस असा लांबला, की दुभाष्याचा ताप उतरला, त्याने दुसरी नोकरी धरली, तरी संपेना. यंत्र आज चालायचं, उद्या रुसायचं.

ती तर आधीपासूनच दमलेली. ‘भाषा शीक, दारं उघडतील,’ असं बाबा म्हणायचे. पाच भाषा शिकली, दारं उघडली. पण प्रत्येक दारात तिच्यासाठी होतं ते दोन खुर्च्यांमधलं स्टूल. याचं त्याला, त्याचं याला. घरी येईपर्यंत जबडा असा ठणकायचा, की भाजीला मीठ नाही हेसुद्धा ती खुणेनेच सांगायची. घोरते मात्र परक्या भाषेत, असं आई शपथेवर सांगायची. आता आईच सांगते म्हटल्यावर आपण कोण शंका घेणार?

जेवणाच्या सुट्टीत मात्र इंजिनियर तिला एक अक्षर बोलायला लावायचा नाही. अर्धं सफरचंद पुढे सरकवायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. आधी तिला वाटलं, याला मी दिसतच नाही. मग वाटू लागलं… दिसते ती यालाच.

अखेर यंत्र सुरळीत धावलं. उद्या पहाटे त्याचं विमान होतं. निरोपाच्या चहालाही कारखान्याचे मालक आणि इंजिनियर यांच्या मधे तिच्यासाठी स्टूलच ठेवलं होतं. मालक खुशीत होते. “बाई, सांगा याला! हा मशीन लावायला आला होता, की मशीनशी लग्न लावायला?”

तिने तोंड उघडलं… आणि इंजिनियर खो खो हसला. तिच्या आधी.

“बघा!” मालक फुगले. “आपल्या विनोदाला दुभाषी लागत नाही!” आणि टाळ्या घ्यायला पुढच्या टेबलाकडे गेले.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “कधीपासून कळतंय?” तिने आपल्याच भाषेत विचारलं.

“लई दिवस,” तो म्हणाला. “फोरमनकाकांनी शिकवलं. सगळ्या फिटरांना ठाऊक आहे.”

“म्हणजे मी उगाच घसा फोडत होते? मालक म्हणायचे ‘त्या ठोंब्याला सांगा’, आणि मी ‘साहेबांची नम्र विनंती आहे’ असं…”

“ठोंब्या कळायचा. पण विनंती गोड वाटायची.” त्याने मान खाली घातली. “कळतं म्हणालो असतो, तर तू उद्यापासून आली नसतीस.”

“मग सुट्टीत तरी बोलायचंस!”

“तू दमलेली असायचीस.”

तिचा राग तिथेच पंक्चर झाला. इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं होतं?

“ऐक…” त्याने घाम पुसला. भाषा यंत्रावर, फोरमनकाकांकडून शिकलेली. तिच्यात प्रेमाचे शब्द कुठून असणार? “माझं बेअरिंग गेलंय. पार गेलंय. वंगण घालून भागणार नाही. तू… नाही, थांब. मी राहू का?”

ती हसली, जबडा दुखेपर्यंत. मग त्याच्या भाषेत एकच शब्द बोलली, इतका हळू, की त्याने डोळे मिटून ऐकला.

“काय सांगितलंत त्याला?” लांबून मालक ओरडले.

“मशीनला वेळच्या वेळी तेल घाला म्हणाले!”

मालकांनी समाधानाने मान डोलावली. इंजिनियरने मधलं स्टूल पायाने बाजूला सारलं आणि आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली. ती बसली. आता बराच वेळ कुणीच काही बोलणार नव्हतं.