एक जूनची जन्मतारीख

मानवतच्या बस स्टँडासमोर आदिनाथचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान. आसपासच्या खेड्यांतल्या निम्म्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जन्म एक जूनचा, हे त्याला तोंडपाठ. शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग गुरुजी आपले एक जून ठोकून मोकळे! त्यामुळं जन्मतारखेचा पासवर्ड असला की आदिनाथला फक्त साल विचारावं लागायचं.

त्या दुपारी पिंकी आली, सोबत आजी वच्छलाबाई. पिंकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, पाचला साईट बंद. वडिलांचा, म्हणजे सटवाजीचा, शाळेचा दाखला तेवढा जोडायचा राहिला होता. जुन्या शाळेनं तो मेलवर पाठवला होता, पण कुलूप लावून. पासवर्ड म्हणजे सटवाजीची जन्मतारीख. सटवाजी जाऊन तीन वर्षं झाली होती.

"साल?"

"बहात्तर, दादा."

आदिनाथनं फाईल उघडली. चौकट आली, त्यानं आकडे टाकले. पासवर्ड चुकीचा, असं इंग्रजीत आलं. रोजचंच. बोट घसरलं असेल म्हणून त्यानं एकेक आकडा बघून पुन्हा टाकला.

या खेपेला चौकटीत मराठी आलं.

"ती गुरुजीनं लिवलेली हाय."

आदिनाथ हसला. कोणीतरी टिंगल करायलंय म्हणून त्यानं इंटरनेटची वायर उपसली आणि फाईल बंद करून परत उघडली. साडेचार झाले होते. पिंकीचे डोळे भरून आले होते. "दादा, आता वो?" त्यानं तीच तारीख उलटी करून टाकली.

"मायला इचार."

स्क्रीन त्यानं हळूच आपल्याकडं वळवली.

"आजी, सटवाजीकाकांचा खरा जन्म कवाचा?"

"बहात्तरच्या दुष्काळातला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. कुठं लिवलेलं न्हाई लेकरा. माज्याबिगर कुणालाच ठाव न्हाई."

मोबाईलवर जुनं पंचांग शोधलं. आठ सप्टेंबर. त्यानं ती तारीख टाकली.

फाईल उघडली.

"उघडलं गं बाई!" पिंकी ओरडलीच. आदिनाथनं वायर खुपसली, दाखला जोडला. पाचला दहा कमी असताना पावती आली. पिंकी रडता रडता हसायला लागली. आदिनाथच्याही जिवात जीव आला. त्यानं तिघांना चहा सांगितला आणि घटाघटा प्याला.

दाखल्यावर जन्मतारीख छापलेली होती. एक जून एकोणीसशे बहात्तर. आदिनाथनं ती वाचली आणि डोकं झटकलं. पोरीचं काम झालं, बास झालं!

दोघी निघाल्या. त्यानं फाईल बंद केली.

चौकट परत आली. आकडे टाकायला तिच्यात जागाच नव्हती.

"माय जेवली का?"

आदिनाथनं ते मनातल्या मनात वाचलं.

वच्छलाबाई पाठमोरी, दाराबाहेर चपला शोधत होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

"जेवले रे बाबा," ती म्हणाली आणि पायरी उतरून गेली.