दिशाने घेतलेलं खास पद

समाधानने फासा मुठीत घोळवला, त्यावर फुंकर मारली आणि सी बिल्डिंगच्या जिन्याखालच्या फरशीवर टाकला. दोन पडले. खेळातला त्याचा योद्धा दलदलीत गळ्यापर्यंत रुतला.

"दिशा, दोर टाक लवकर," तो म्हणाला.

पण दिशाचा मागकाढ्या तिथे नव्हताच. तो एक दिवसाची वाट पुढे, एका ओसाड खिंडीत पाऊलखुणा शोधत होता. ललित या खेळाचा सूत्रधार होता. त्याने नियमांची झेरॉक्स चाळली आणि मान हलवली. दोर पोचणार नव्हता. योद्धा मेला.

"तू कधी आमच्याबरोबर नसतेसच," समाधान चिडून म्हणाला. त्याने आपला कागद फाडला आणि तो जेवायला निघून गेला.

हा खेळ ललितच्या मोठ्या भावाने पुण्याच्या कॉलेजातून आणला होता. त्यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, योद्धा, जादूगार किंवा चोर, आणि फासे टाकत, संकटं झेलत लेव्हल वाढवत न्यायची. सहाव्या लेव्हलला पोचलं की साधं पात्र सोडून खास पद घेता यायचं. नियमांच्या पुस्तकात अशी चांगली चौदा पदं होती. वाचताना तोंडाला पाणी सुटावं अशी! पण ती घेत कुणीच नसे.

हे दिशाला नक्की ठाऊक होतं, कारण तिने आणि तिच्या मैत्रिणीने, मंजुषाने, त्याची वहीच ठेवली होती. दोन उन्हाळ्यांत सव्वीस पात्रं झाली. त्यातली सतरा सहाव्या लेव्हलच्या आधीच मेली. नऊ जणांना पद घेता येत होतं, पण सात जण म्हणाले की नको, योद्धाच बरा, त्याची ताकद दर लेव्हलला वाढते. पदाच्या अटी पुऱ्या करीपर्यंत मागे कोण पडणार? पद घेतलं फक्त दोघींनी, मंजुषाने आणि दिशाने. मग मंजुषाच्या बाबांची नागपूरला बदली झाली आणि एप्रिलमध्ये त्यांचं सामान ट्रकमध्ये चढलं.

दिशाने घेतलेल्या मागकाढ्याच्या पदाची अट मोठी कडक होती. तीन प्रवास एकट्याने करायचे, कुणाची मदत घ्यायची नाही. ललितने एकदा दिशाला विचारलं होतं, एवढं कंटाळवाणं पद का घेतलंस म्हणून. ती म्हणाली, "मला सवय आहे."

सवय होतीच. आई दवाखान्यात नर्स होती, सकाळी साडेसहालाच घर सोडायची. बाबा प्रेसमध्ये पाळीवर. नाशिक रोडच्या त्या तीन बिल्डिंगांच्या सोसायटीतली निम्मी घरं मे महिन्यात गावी गेलेली. दिशा उठायची, आईने झाकून ठेवलेले पोहे खायची आणि खिडकीत बसायची. आठच्या सुमाराला दारावर थाप पडायची. ती नवसाबाई असायची.

नवसाबाई चेहेडीकडच्या मळ्यातून डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि गिऱ्हाइकांच्या दाराच्या कडीला फुलांची पुडी अडकवायची. आधी ए, मग बी आणि शेवटी दिशाची सी बिल्डिंग. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून दिशा तिच्याशी मोठ्याने बोलायची. पाणी पिता पिता म्हातारी चार गोष्टी सांगायची, चार विचारायची, आणि निघून जायची.

समाधान रागावून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी थाप पडलीच नाही.

नऊ वाजले, दहा वाजले. दिशाने दार उघडून पाहिलं. कडी रिकामी होती. शेजारच्या काकू म्हणाल्या की म्हातारी आज आली नसेल, गावात लग्नं काय कमी आहेत? दिशा परत खिडकीत बसली, पण तिला चैन पडेना. शेवटी चपला घालून ती ए बिल्डिंगमध्ये गेली. तिथे पुड्या होत्या. बी बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यापर्यंत होत्या. म्हणजे नवसाबाई आली होती, आणि मध्येच थांबली होती.

खाली ललित आणि समाधान सायकलचं पंक्चर काढत बसले होते. दिशाने सांगितल्यावर समाधान हसला. फुलं संपली असतील, गेली असेल घरी, असं त्याचं म्हणणं. दिशा बी बिल्डिंगच्या जिन्यापाशी वाकून पाहू लागली. कुणीतरी झाडताना सगळा पसारा सायकलींमागे ढकलला होता. त्यात टायरच्या तळव्याच्या चपला होत्या, एका पट्ट्याला तांब्याची तार गुंडाळलेली.

नवसाबाई प्रत्येक जिन्याखाली चपला काढून ठेवायची.

"मे महिन्यात अनवाणी कोण घरी जाईल?" दिशाने विचारलं.

समाधानचं हसू थांबलं. तिघंही जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वर नवसाबाईचं गिऱ्हाईक नव्हतं, तिसऱ्यावरची दोन्ही घरं कुलूपबंद होती. तरी त्या पायऱ्यांवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. पाकळ्या गच्चीच्या लोखंडी दारापर्यंत गेल्या होत्या. दाराला जिन्याच्या बाजूने कुलूप होतं.

ललितला आठवलं की आज सकाळी टाकी धुवायला माणसं आली होती, म्हणून खाली नळाला पाणी नव्हतं. त्या माणसांच्या बादलीत फुलांवरचं फडकं ओलं करायला म्हातारी वर गेली असणार. त्यांनी दार बडवलं, हाका मारल्या. पलीकडून काहीच आवाज आला नाही. दार हात ठेववणार नाही इतकं तापलं होतं. सव्वाबारा वाजले होते.

सेक्रेटरी शेवाळे काका पहिल्या मजल्यावर राहायचे. कुलूप त्यांनीच लावलं होतं. ते म्हणाले की कुलूप लावण्याआधी त्यांनी चांगली हाक मारली होती आणि कुणीही ओ दिली नव्हती. दिशाने सांगितलं की नवसाबाईला ऐकू येत नाही. काका म्हणाले, किल्ली वॉचमन बुधाकडे आहे, तो घोटीला गेलाय, संध्याकाळी येईल, आणि सुट्टीत पोरांच्या डोक्यात भलतंच काही येतं. त्यांनी दार लावून घेतलं. आतून मालिकेचा आवाज मोठा झाला.

तिघं जिन्यात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. दिशाची नजर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गेली. गच्चीवरून आलेली केबलची वायर तिथल्या एका उघड्या डब्यात जोडलेली होती.

"काकांचा टीव्ही याच्यावरच चालतो ना?" तिने हळूच विचारलं.

समाधानने तिच्याकडे पाहिलं. मग तो वर गेला आणि त्याने वायर ओढली.

मिनिटभरात शेवाळे काका बाहेर आले. ललितने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की गच्चीवरच वायर सुटली असावी, वर जाऊन बघायला लागेल. काका पुटपुटत घरात गेले आणि देवघराच्या खणातून दुसरी किल्ली घेऊन आले. आपण मघाशी काय सांगितलं, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

कुलूप निघताच दिशा त्यांच्या हाताखालून गच्चीवर शिरली. फरशी पायाला चटके देत होती. टाकीमागे हातभर सावली उरली होती, तिथे नवसाबाई पाटीला टेकून पडली होती. ओठ सुकले होते, डोळे मिटलेले. फुलांवरचं फडकं तिने डोक्यावर घेतलं होतं, तेही वाळून कोरडं झालं होतं. दिशाने खांद्याला हलवल्यावर तिने डोळे किलकिले केले.

मग मात्र काका धावले. त्यांनी स्वतः म्हातारीला उचलून खाली आणलं. समाधानने पाणी, ललितने मीठ-साखर आणली, आणि काकांनीच रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर कठीण होतं.

संध्याकाळी काकांनी सगळ्यांना खाली बोलावलं. चूक आपली आहे, पोरांचं ऐकायला हवं होतं, असं ते सर्वांसमोर म्हणाले. केबलच्या वायरीबद्दल समाधानने स्वतःच कबूल केलं, तेव्हा काकांनी त्याची पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या. मग एकेक जण वर गेला, आणि जिन्यापाशी दिशा तेवढी उरली.

तिसऱ्या दिवशी आईला सुट्टी होती. ती दिशाला लूनावर मागे बसवून चेहेडीला घेऊन गेली. नवसाबाई खाटेवर बसली होती. तिचा मुलगा गोरक्ष झेंडूच्या माळा ओवत होता.

"मला वाटलं, आपल्याला कोन हुडकतंय?" म्हातारी म्हणाली. "फुलं नाय आली तर लोक बाजारातून आनत्यात. तुला कसं कळलं गं पोरी, मी न्हाई ते?"

दिशा तिच्या कानाशी वाकली. नेहमीसारखं मोठ्याने बोलली, म्हणून अंगणातल्या आईलाही ते स्पष्ट ऐकू आलं.

"दिवसभरात माझ्याशी तुम्हीच बोलता."

नवसाबाईने तिचा हात आपल्या खरखरीत हातांत धरून ठेवला. आई दवाखान्यातून आणलेल्या औषधाच्या पुड्या गोरक्षला समजावून सांगत होती, ती मध्येच थांबली. कोणती पुडी सकाळची, ते तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

निघाल्यावर आईने लूना सुरू केली नाही. गाडी हातात धरून ढकलत ती चालू लागली. दुतर्फा कोबीची शेतं होती, आणि घर अजून बरंच लांब होतं.

"तुझा तो फाशांचा खेळ," आई म्हणाली, "तो कसा खेळतात, मला सांगितलंच नाहीस कधी."

"खूप आहे गं सांगायला."

"म्हणून तर चालतेय."

दिशाने लूनाच्या मागच्या सीटवर हात ठेवला, थोडा जोर लावला, आणि ती बोलू लागली.