किंचित पुढे थांबलेलं पातं

वित्स्के तोल्समाचा लाकडावर फार विश्वास, माणसांवर त्यामानाने बेताचा. हॉलंडच्या फ्रीजलंड प्रांतातल्या डझनभर पवनचक्क्या तिने दुरुस्त केल्या होत्या. पण कालव्याकाठच्या या पाणी उपसणाऱ्या चक्कीने तिला वेडच लावलं. छपराखालचं ते पुरुषभर उंच लाकडी चाक कुण्या सुताराने अडीचशे वर्षांपूर्वी एकही खिळा न ठोकता जोडलं होतं. सांध्यात नख शिरत नव्हतं. काय हात असेल त्या माणसाचा! पहिल्या दिवशी वित्स्के त्या चाकापुढे बसून राहिली आणि डबा खायचाही विसरली.

घाई होती ती हिल्केकाकांमुळे. ते इथले शेवटचे चक्कीवाले, वय ब्याऐंशी, याच चक्कीत जन्मलेले. आता पलीकडच्या काठावर वृद्धाश्रमाच्या खिडकीशी बसून असत. डॉक्टरांनी पानगळीपर्यंतची मुदत दिली होती. त्याआधी त्यांना चक्की एकदा फिरताना बघायची होती, आणि वित्स्के शब्द देऊन बसली होती.

नवी पाती चढली त्या संध्याकाळी तिने हातानेच ढकलून ती आनंदाच्या खुणेवर थांबवली. तिथे शेंबडं पोरही ही खूण ओळखतं. खालचं पातं तळाला पोचायच्या किंचित आधी थांबवलेलं असलं, की लग्न नाहीतर बाळ. तळ ओलांडून किंचित पुढे गेलेलं असलं, की घरात कुणीतरी गेलं. मग तिने ब्रेक आवळला, साखळी घातली आणि घर गाठलं.

सकाळी पाती शोकाच्या खुणेवर उभी होती.

ब्रेक सरकला असणार, म्हणून तिने स्वतःलाच चार शिव्या हासडल्या आणि पाती पुन्हा मागे घेतली. दुसऱ्या सकाळी तेच. तेव्हा तिने आतल्या चाकावरून शेजारच्या तुळईपर्यंत खडूची सरळ रेघ ओढली. चाक आणि पाती एकाच लोखंडी आसावर पक्की. एक हलल्याशिवाय दुसरं हलायचं नाही.

तिसऱ्या सकाळी बाहेर पाती पुढे गेलेली होती. आत खडूची रेघ केसभरही तुटली नव्हती.

तिने आसाची एकेक पाचर ठोकून पाहिली. सगळं जागच्या जागी. मग हात पुसून ती हिल्केकाकांकडे गेली. त्यांनी खिडकीतून सगळं पाहिलंच होतं.

"ती कुणासाठीही तशी थांबत नाही," ते म्हणाले. "फक्त आपल्या चक्कीवाल्यासाठी. बाप गेला तेव्हाही चार दिवस आधीपासून थांबत होती."

"काका, उगाच काहीतरी बोलू नका."

"अगं, मला बरंच वाटलं. इतकी वर्षं झाली, तरी विसरली नाही मला."

वित्स्के तडक चक्कीकडे परतली. तीन आठवड्यांचं काम तिने सहा दिवसांत उरकलं. शनिवारी दुपारी नैऋत्येचा छान वारा सुटला, तेव्हा नर्सने काकांची खुर्ची ढकलत आणली. वाऱ्यावर चक्की सोडताना ब्रेकचा दोर ओढतो तोच तिचा चक्कीवाला, असा तिथला रिवाज. काकांनी दोर धरला, पण हातात जोर कुठला?

"तू ओढ," ते म्हणाले.

"तो मान तुमचा आहे."

"मग दिला तुला. आजपासून चक्की तुझी."

तिने दोर ओढला.

पाती सावकाश हलली, मग पात्यांवरचं कापड फुगलं आणि जमिनीतून घुमल्यासारखा आवाज आला. तळाच्या मळसूत्राने पाणी उचलून कालव्यात ओतलं. एवढा डोलारा, पण कुठे कुरकुर नाही. काका खुशाल रडत होते, हसतही होते. त्यांनी नर्सने आणलेल्या केकचा दुसरा तुकडाही मागून खाल्ला. नर्स म्हणाली, महिन्यात त्यांना इतकी भूक लागली नव्हती.

मग चक्की थांबली.

वारा तसाच होता. दोराला कुणी हात लावला नव्हता.

खालचं पातं तळ ओलांडून किंचित पुढे गेलेलं होतं.

वित्स्के धावत काकांपाशी गेली, त्यांचं मनगट धरलं. हात उबदार होता, नाडी ठणठणीत चालू होती.

काका पात्यांकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि शवपेटी जवळून जाताना धरतात तशी छातीशी धरली.