न पडणारे सर

"थाप दिली! थाप दिली! सोड!" गुड्डी ओरडली आणि वाल्मिकने ललितचा हात झटकन सोडला.

"डाव चुकला तुझा," ललित खांदा चोळत म्हणाला. "व्हिडिओत तो डावा पाय पुढे टाकतो."

"उजवा!"

"डावा, भाई! लाव पैज!"

अदितीने मोबाइल उघडून व्हिडिओ पुन्हा लावला आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! त्याच्या टी-शर्टवरची अक्षरं बघा. उलटी आहेत! आरशात दिसतात तशी! म्हणजे आपण सगळे डाव उलटे शिकलो!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चौघंही पोट धरून हसत सुटली.

सिल्वासाच्या आमली भागात एका सोसायटीचा जुना हॉल होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे रोज सकाळी चौघांचा जुडो चालायचा. शिकवायला कोणी नव्हतं. पॅकिंगचा जाड फोम जमिनीवर अंथरायचा, वर ताडपत्री ताणून बांधायची आणि मोबाइल खिडकीत ठेवायचा, हीच त्यांची शाळा! नियम मात्र कडक होते. आधी नीट पडायला शिकायचं. मानेला हात लावायचा नाही. आणि समोरच्याने थाप दिली की तिथल्या तिथे सोडायचं. वाल्मिकची धाकटी बहीण गुड्डी पंच होती. अकरा वर्षांची असली तरी तिच्या आवाजाला सगळे वचकून असत.

"वा, वा! गुरूशिवाय विद्या?"

दारात एक उंच माणूस उभा होता. अंगात पांढरा डगला, कमरेला काळा पट्टा. शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी गजाननकाका हसत होते.

"हे राजेंद्र सर! फुकट शिकवणार आहेत तुम्हाला! मी हॉलची चावीसुद्धा देऊन टाकली त्यांना."

मुलांना आनंदाने काय करावं कळेना. आता मोबाइलशी भांडायला नको! ललित लगेच पुढे झाला. "सर, आधी मागे पडून दाखवा ना. आमचं डोकं आपटतं."

"पडायचं कशाला?" सर म्हणाले. "पाडायला शिका! ए मुली, इकडे ये."

त्यांनी अदितीचा हात धरून पाठीमागे पिळला. अदितीने ताडपत्रीवर थाप दिली. सर सोडेनात. तिने पुन्हा थाप दिली, जोरात.

"इतक्यात रडलीस?" सर हसले आणि मगच त्यांनी हात सोडला.

घरी जाताना गुड्डी फणफणत होती. "ज्याला थाप कळत नाही, त्याला जुडो येतच नाही!"

"जाऊ दे गं, कडक असतील," वाल्मिक म्हणाला. "निदान विचारायला कोणी तरी आहे."

पण सरांना काही विचारलं की त्यांना नेमका फोन यायचा. ते एकदाही पडले नाहीत. हॉलच्या कोपऱ्यात त्यांनी जाडजूड निळ्या गाद्या आणून रचल्या आणि बजावलं, "या स्पर्धेच्या आहेत. कोणी हात लावायचा नाही! आणि दुपारी इकडे फिरकायचं नाही."

"एक गोष्ट पाहिलीस?" एके दिवशी ललित अदितीच्या कानाशी लागला. "आणल्या तेव्हा सर एकटेच बगलेत मारून आणत होते. आज एक गादी सरकवायला त्यांना टेम्पोच्या ड्रायव्हरला बोलवावं लागलं. गादी काय जेवते की काय?"

अदिती हसली नाही. तिच्याही मनात शंकेची पाल चुकचुकत होती.

दुसऱ्या दिवशी वाल्मिक आणि गुड्डी आलीच नाहीत. अदिती त्यांच्या खोलीवर गेली, तर दारातच गुड्डीने तिला अडवलं.

"तू जा! तुझ्या आईने आमच्या बाबांना चोर ठरवलं!"

हॉलच्या मागच्या भिंतीला लागूनच तार बनवणारा कारखाना होता. अदितीची आई छाया तिथे मॅनेजर होती आणि वाल्मिकचे वडील, कारभारीभाऊ, मागच्या फाटकावर पहारेकरी. काही दिवसांपासून कारखान्यातली तांब्याची तार कमी भरत होती. शिफ्ट सुटताना, सगळ्यांसमोर, छायाताईंनी कारभारीभाऊंना सांगितलं होतं, "माल तुमच्याच बाजूने जातोय. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका."

आत कारभारीभाऊ भिंतीला टेकून बसले होते. "तिच्यावर काय कावते, पोरी?" ते हळूच म्हणाले. "तिनं काय केलं? येऊ दे तिले आत."

अदितीला रडू आवरेना. वाल्मिक मान खाली घालून बसला होता. तो एकदम म्हणाला, "बाबा, फाटकातून काहीच गेलं नाही ना?"

"फाटकातून काडी गेली नाही, भो. माझ्यासमोरून काडी जाणार नाही."

"मग भिंतीवरून!" अदिती ताडकन उभी राहिली. "आणि भिंतीपलीकडे काय आहे? आपला हॉल! वाल्मिक, गाद्या जेवतायत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, सर चहाला गेल्याचं पाहून, ललितसह चौघं हॉलमध्ये शिरली. अदितीने निळी गादी दाबून पाहिली. वर मऊ, पण आत कडक! एका बाजूची शिवण उसवून पुन्हा जाड दोऱ्याने घातलेली होती. ललितने फटीतून बोट घातलं. लालसर तार चमकली.

"ओढू?"

"नको!" वाल्मिकने त्याचा हात धरला. "ही तार आपल्या हातात सापडली, तर म्हणतील, बापाने दिली, पोरांनी लपवली!"

त्याचं बरोबर होतं. सगळ्यांनी मुकाट्याने गादी होती तशी ठेवली. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या! चौघं ताडपत्रीवर आडवी झाली आणि जोरजोराने पडण्याचा सराव करू लागली.

राजेंद्र सर दारात थबकले. त्यांची नजर गाद्यांवरून मुलांवर आणि पुन्हा गाद्यांवर गेली.

"आज फार लवकर आलात?"

"स्पर्धा आहे ना, सर!" गुड्डी डोळे मोठे करून म्हणाली. "गाद्या कधी नेणार?"

"रविवारी. सकाळी टेम्पो येईल," सर बोलून गेले आणि लगेच ओठ चावले.

अदितीने आईला सांगून पाहिलं. आई फाइलमधून मान वर न करता म्हणाली, "राजेंद्र सर? गजाननभाऊंनी खात्री केली असेल ना. उगाच कुणावर आळ घेऊ नये, अदिती."

'तू घेतलास तो?' अदितीच्या ओठांवर आलं होतं. पण ती तशीच उठून बाहेर गेली.

गजाननकाकांनी तर उडवूनच लावलं. "अरे, काळा पट्टा आहे त्यांच्याकडे! अजून काय खात्री करायची?"

"पट्टा दुकानात मिळतो, काका," ललित म्हणाला. काकांनी ऐकलंच नाही.

"मोठ्या माणसांना सांगून उपयोग नाही," अदिती म्हणाली. "त्यांना त्या गादीवर बसवायला पाहिजे!"

"बसवू या!" गुड्डीने टाळी वाजवली. "गजाननकाकांना हारतुरे फार आवडतात!"

रविवारी सकाळी राजेंद्र सर टेम्पो घेऊन आले, तेव्हा हॉल गच्च भरला होता! दाराला तोरण, भिंतीवर रंगीत अक्षरं: 'जुडो प्रात्यक्षिक. प्रमुख पाहुणे: मा. गजाननराव.' काकांनी आपल्याकडच्या दुसऱ्या चावीने हॉल उघडला होता आणि आपण होऊन सगळ्या सोसायटीला, छायाताईंना आणि कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनाही बोलावलं होतं. फोटो नीट यावेत म्हणून नवा सदरा घातला होता.

"हे काय? मला कोणी विचारलं नाही!" सरांचा चेहरा उतरला.

"तुमचाच सत्कार आहे, सर!" ललित मोठ्याने म्हणाला. "आधी सर पडून दाखवतील. नव्या गादीवर!"

टाळ्या वाजल्या. सरांना घाम फुटला. "त्या गाद्या... त्या स्पर्धेच्या आहेत. खराब होतील."

"मग प्रमुख पाहुण्यांना बसायला तरी देऊ या!" अदिती म्हणाली. वाल्मिक आणि ललितने जोर लावून सगळ्यात वरची गादी ओढली. ती धप्पकन जमिनीवर आदळली आणि आतून खणखण आवाज आला. "बसा काका! एकदम मऊ आहे!"

"थांबा!" सर ओरडले. पण हार घातलेले गजाननकाका तोवर ऐटीत टेकले होते. दुसऱ्याच क्षणी ते केवढ्यांदा तरी किंचाळले.

"आई गं! आत दगड भरलेत की काय?"

त्यांच्या वजनाने शिवण फाटली होती. तांब्याच्या तारेची वेटोळी सगळ्यांसमोर भसकन बाहेर आली!

राजेंद्र दाराकडे धावला. वाल्मिकने झेप घेऊन त्याचा पाय घोट्यापाशी मिठीत धरला. नीट पडायला कधीच न शिकलेला तो माणूस दणकन पाठीवर आपटला. ललितने दुसरा पाय धरला. अदिती त्याच्या छातीवर आडवी पडली आणि त्याचा हात घट्ट कवटाळला. तो तडफडला, पण उठता येईना. शेवटी मोकळ्या हाताने तो जमीन बडवू लागला.

"थाप दिली! सोडा!" गुड्डी सवयीने ओरडली.

आणि तिघांनी सवयीने सोडलंसुद्धा!

"अरे, सोडलं काय!" गजाननकाका ओरडले. राजेंद्र धडपडत उठला. पण खडखडाट झाला आणि हॉलच्या दाराचं शटर खाली आलं. शटरला पाठ लावून छायाताई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पोलिसांना फोन करा," त्या सुरक्षा अधिकाऱ्यांना म्हणाल्या. नजर मात्र वाल्मिकवर होती.

राजेंद्रने पोलिसांना सगळं सांगितलं. कारखान्यातलाच एक जण जेवणाच्या सुट्टीत तारेची वेटोळी भिंतीवरून टाकायचा. राजेंद्र ती गाद्यांत भरायचा. खेळाचं सामान तपासणी नाक्यावर कोण उसवून बघतो? तो दुसरा माणूसही संध्याकाळच्या आत पकडला गेला.

"धाडस चांगलं, पण पळणाऱ्या चोराला पुन्हा धरायचं नाही हं! ते आमचं काम," महिला फौजदार म्हणाल्या. मग अदितीने आपली पकड करून दाखवली, तेव्हा तिचं कोपर हलकेच आत दाबून त्यांनी विचारलं, "आणि हे असं बाहेर ठेवून पकडायचं असतं का? पोलीस ट्रेनिंगमध्ये मीही जुडो शिकले आहे. सुट्टीच्या दिवशी येत जाईन. दर वेळी जमेलच असं नाही."

"चालशे!" ललित आनंदाच्या भरात गुजरातीत ओरडला.

गजाननकाकांनी कान पकडले. "मी फक्त पट्टा पाहिला. पोरांनो, तुम्ही माणूस पाहिलात!"

त्याच संध्याकाळी छायाताई अदितीला घेऊन कारभारीभाऊंच्या खोलीवर गेल्या. "माझी चूक झाली. उद्यापासून कामावर या," त्या म्हणाल्या.

कारभारीभाऊंनी त्यांना बसायला सतरंजी घातली, चहा दिला. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, बोल लावला चार लोकांसमोर. तो पुसायचा तर चार लोकांसमोरच पुसा."

छायाताईंनी कप खाली ठेवला. "बरोबर आहे तुमचं."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी मागच्या फाटकाशी गर्दी झाली. चौघं मुलं भिंतीपाशी उभी होती. छायाताई एका पेटाऱ्यावर चढल्या.

"कारभारीभाऊंवर मी पुराव्याशिवाय..." त्या बोलू लागल्या आणि नेमका भोंगा वाजला. भोंऽऽऽ! त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता. भोंगा थांबला तेव्हा त्यांचं बोलून झालं होतं. काही लोक निघालेसुद्धा.

आता आई खाली उतरणार, असं अदितीला वाटलं. तिने डोळे घट्ट मिटले.

"थांबा सगळे!" छायाताईंचा आवाज घुमला. "भोंग्यात ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा सांगते. कारभारीभाऊंवर मी पुराव्याशिवाय आळ घेतला. चोर दुसरे होते. मी त्यांची माफी मागते."

निघालेले लोकही फाटकापाशी थांबले होते. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कारभारीभाऊंनी टोपी सारखी केली आणि ते आपल्या खुर्चीपाशी जाऊन ताठ उभे राहिले.

वाल्मिकने अदितीला कोपराने ढोसलं.

"तुझी आई डेरिंगबाज आहे हं!"